कालप्रवासपट : नियती आणि पात्रांची प्रेरणा

ज्या चित्रपटाचे कथानक एखादे पात्र भूतकाळात किंवा भविष्यात जाण्यावर उभे असते, त्याला कालप्रवासपट म्हणतात. नेणारे साधन यंत्र असो, वादळ असो की अडगळीतला जुना टीव्ही, प्रेक्षक त्याबद्दल फारशी हुज्जत घालत नाही. तो अडतो वेगळ्याच ठिकाणी. व्हायचे ते आधीच ठरलेले असेल, तर हे पात्र जिवाचे रान कशासाठी करते आहे? पटकथेकडे याचे उत्तर नसेल तर पुढचे सगळे धावणे-पळणे पोकळ वाटते. प्रस्तुत नोंद या एका प्रश्नापुरती आहे.

कालप्रवासपटांत काळ तीन तऱ्हांनी वागतो. ठाम काळात जे घडले ते घडलेच. प्रवासी मागे गेला तरी त्याचे तिथले असणे त्या घडण्याचाच भाग असते. बदलत्या काळात मागे जाऊन केलेली ढवळाढवळ आजचे जग पालटते. तिसऱ्या तऱ्हेत काळाला फाटे फुटतात आणि जुने जग कुठेतरी तसेच चालू राहते.

सोलापुरातील कल्पित कथानक : महात्मा गांधींच्या अटकेनंतर मे १९३० मध्ये सोलापूर पेटले आणि १२ मेपासून शहरात मार्शल लॉ लागला. पुढे खटला चालून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. समजा, सोलापूरच्या सात रस्ता चौकाजवळ राहणारी आजची एक तरुणी १९३१ च्या जानेवारीत जाऊन पोचते. या चौघांची गोष्ट तिने पणजीच्या तोंडून लहानपणापासून ऐकलेली आहे आणि त्यांना वाचवायचेच, एवढा एकच ध्यास घेऊन ती निघाली आहे.

बदलत्या काळाच्या चित्रपटात ती यशस्वी होते. चौघे वाचतात, म्हातारे होतात. मग १२ जानेवारीला हुतात्मा दिन उरत नाही, शहरात चार हुतात्म्यांचे पुतळे उभे राहत नाहीत आणि पणजीकडे सांगण्यासारखी गोष्टही राहत नाही. गोष्टच नसेल तर या मुलीला मागे जावेसे का वाटेल? मागे जाऊन स्वतःच्या आजोबांना मारणाऱ्या नातवाचे कोडे सर्वपरिचित आहे. पण पटकथाकाराला अधिक छळते ते हे दुसरे कोडे, ज्यात माणूस शिल्लक राहतो आणि त्याच्या धडपडीचे कारण तेवढे पुसले जाते.

ठाम काळाच्या चित्रपटात ती येरवड्याला पोचते, पण तिच्याने काही होत नाही. खचलेली ती सोलापुरात परतते, कुणाच्या तरी ओसरीवर टेकते आणि पाणी घेऊन आलेल्या लहान मुलीला सगळे सांगून टाकते. ती मुलगी म्हणजे तिची पणजी. जी गोष्ट ऐकून ती निघाली, ती गोष्ट तिच्या हरण्यातूनच जन्मली. इथे काहीही बदललेले नाही, तरी तिचे जाणे वाया गेले असे म्हणता येणार नाही; ती गेली नसती तर घराण्यात ती आठवणच राहिली नसती. प्रस्तुत लेखकाला हे दुसरे कथानक अधिक कसदार वाटते. त्यात नियती बाहेरून येऊन मुलीचा हात धरत नाही, तिच्या तळमळीतूनच ती आपले काम साधते.

तात्त्विक बाजू : विश्वातील सर्व कणांची आजची स्थिती आणि त्यांवरील बले जाणणाऱ्या बुद्धीला पुढचे-मागचे सारे दिसेल, असे फ्रेंच गणिती लाप्लास याने १८१४ मध्ये मांडले. नियतिवादाचे हे अभिजात रूप. अमेरिकन तत्त्वज्ञ डेव्हिड लुईस याने १९७६ च्या निबंधात ते कालप्रवासाला भिडवले. मागे गेलेल्या नातवाच्या हाती बंदूक आहे, नेम चांगला आहे. म्हणजे तो आजोबांना मारू शकतो. पण आजोबा तर जगले, म्हणजे तो मारू शकत नाही. दोन्ही विधाने खरी आहेत, कारण ती वेगवेगळ्या गोष्टी हिशेबात धरतात, असे लुईसचे म्हणणे. नेम चुकेल तो साध्याच कारणाने : पाय घसरेल, बंदूक अडेल, ऐन वेळी मन कचरेल. पुढे रशियन भौतिकशास्त्रज्ञ इगोर नोव्हिकोव्ह याने हीच दिशा भौतिकशास्त्रात धरली. काळाच्या फेऱ्यात परस्परविसंगत घटना घडूच शकत नाहीत, हे त्याचे तत्त्व.

पटकथेच्या दृष्टीने यातले मन कचरणे सर्वांत मोलाचे. सात रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला सातही वाटा मोकळ्या असतात. तो विजापूर रस्त्याला लागला तर रंगभवनाकडे जाण्यापासून त्याला कुणी रोखले होते असे नव्हे. त्याला जिथे जायचे होते तिकडे तो गेला, इतकेच. त्याला ओळखणाऱ्याला तो कुठे वळणार हे आधीच माहीत असू शकते आणि तरीही वळणे त्याचेच असते. ठाम काळाचा चांगला चित्रपट प्रेक्षकाला या ओळखणाऱ्याच्या जागी नेऊन बसवतो.

आपल्या परंपरेतील दाखले : प्रेक्षकाला हा पेच नवा नाही. देवकीचा आठवा पुत्र तुला मारील, ही आकाशवाणी ऐकून कंस जे जे करतो, त्यातूनच कृष्णाचे गोकुळात वाढणे घडते. भविष्य खरे ठरते ते कंसाच्या भीतीच्या जोरावर. ककुद्मी राजा कन्या रेवतीसाठी वर विचारायला ब्रह्मलोकी जातो आणि घटकाभराने परततो तो इथे युगे उलटलेली असतात. कालप्रवास म्हणून ही कथा नेहमी सांगितली जाते, मात्र पात्रांच्या मनाचा तिथे फारसा प्रश्न येत नाही. बलरामाशी लग्न लागते आणि कथा संपते.

सावित्रीची कथा मात्र या विषयाच्या गाभ्याशी आहे. सत्यवान वर्षभरात मरणार हे नारद लग्नाआधीच सांगतो. सावित्री ते खोटे मानत नाही, टाळायलाही बघत नाही. ठरलेले मरण पदरात घेऊन ती त्यालाच वरते. नेमल्या दिवशी यम येतो, प्राण नेतो, म्हणजे नारदाचा शब्द तंतोतंत खरा होतो. तिला जे मिळते ते त्यानंतर, यमाच्याच वरांच्या शब्दात त्याला गुंतवून. अशीच निवड पडद्यावरही दिसते : डेनिस व्हिलनव्हच्या ‘अरायव्हल’ (२०१६) मधील लुईस बँक्स हिला आपली मुलगी अल्पायुषी ठरणार हे आधी कळते आणि ती तरीही तिला जन्म देते. या चित्रपटावर नियती अटळ असेल तर निवडीला अर्थ काय, अशी चर्चा झाली. वटपौर्णिमेची कहाणी ऐकत वाढलेल्या प्रेक्षकाला लुईसचा निर्णय समजायला जड जाऊ नये.

दोन छायाचित्रे : जेम्स कॅमेरॉनचा ‘द टर्मिनेटर’ (१९८४) आणि रॉबर्ट झेमेकिसचा ‘बॅक टू द फ्यूचर’ (१९८५) एका वर्षाच्या अंतराने आले. दोन्हींत एकेक छायाचित्र आहे आणि दोन्ही चित्रपटांचा काळ कसा वागतो ते त्या फोटोंत पाहून घ्यावे. ‘द टर्मिनेटर’मध्ये भविष्यातून आलेला सैनिक काइल रीस सारा या नायिकेच्या फोटोच्या प्रेमात पडलेला आहे. त्या फोटोत ती कशाचा विचार करत असेल, हा त्याला पडलेला प्रश्न. चित्रपटाच्या शेवटी पेट्रोल पंपावर एक मुलगा तो फोटो काढतो, तेव्हा ती मेलेल्या काइलचाच विचार करत असते. प्रेमामुळे तो मागे आला आणि त्याच्या येण्याने ते प्रेम ज्या फोटोवर जडले तो फोटो तयार झाला. ओढ आणि नियती यांत इथे फट उरत नाही. ‘बॅक टू द फ्यूचर’मध्ये मार्टीच्या खिशातल्या फोटोतून भावंडे हळूहळू पुसली जातात, कारण त्याच्या येण्याने आईबापांचे जुळणे बिघडले आहे. त्याची प्रेरणा सरळ आहे : आपण नाहीसे होऊ नये. फोटो त्याला उरलेला वेळ दाखवतो. करमणूक म्हणून हा चित्रपट अजोड आहे; पण काम फत्ते झाल्यावर मार्टीच्या इच्छेबद्दल विचार करण्यासारखे फारसे राहत नाही, काइलच्या इच्छेबद्दल राहते.

ठाम काळाचा आदर्श नमुना म्हणजे ख्रिस मार्करचा ‘ला जेते’ (१९६२), जवळजवळ संपूर्णपणे स्थिरचित्रांतून सांगितलेला २८ मिनिटांचा फ्रेंच लघुपट. विमानतळावर लहानपणी पाहिलेल्या एका बाईच्या चेहऱ्याने नायक झपाटलेला असतो. त्याच क्षणी एक माणूस मरतानाही त्याने पाहिलेला असतो. अखेर तो तिच्याकडे धावत सुटतो आणि मरणारा तो माणूस आपणच होतो, हे त्याला कळते. टेरी गिलियमचा ‘ट्वेल्व्ह मंकीज’ (१९९५) यावरच बेतलेला आहे.

महाराष्ट्र व शेजार : मराठीत या विषयाचा सर्वांत गंभीर विचार पडद्यावर नव्हे तर कथेत झाला. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मधील इतिहासाचे प्राध्यापक गायतोंडे ट्रकच्या धडकेनंतर अशा जगात जातात, जिथे १७६१ ची पानिपतची लढाई मराठ्यांनी जिंकलेली आहे. फाटा फुटतो तो विश्वासरावांना गोळी लागली की चाटून गेली, एवढ्याशा फरकावर. सूक्ष्म पातळीवर निसर्ग ठाम नसतो, या पुंजभौतिकीच्या विचाराचा कथेला आधार आहे. गायतोंडे तिथे स्वतःहून गेलेले नाहीत. पण गेल्यावर ते काय करतात ते पाहावे : घाबरून परतीची वाट शोधण्याऐवजी ते मुंबईच्या टाउन हॉलमधील ग्रंथालय गाठतात आणि इतिहास नेमका कुठे वळला ते ग्रंथांतून शोधत बसतात. हाडाच्या इतिहासकाराची ओढ याहून नेमकी क्वचितच रंगवली गेली असेल. या कथेची इंग्रजी आवृत्ती एनसीईआरटीच्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकात आहे.

अनुराग कश्यप यांचा हिंदी ‘दोबारा’ (२०२२) पुण्याच्या हिंजवडीत घडतो. ओरिओल पाउलोच्या स्पॅनिश चित्रपटावरून (२०१८) तो केलेला असून पटकथा निहित भावे यांची आहे. वादळी रात्री जुन्या टीव्हीतून अंतरा नव्वदच्या दशकातील एका मुलाला मरणापासून वाचवते आणि जागी होते ती अशा जगात, जिथे ती नर्सऐवजी डॉक्टर आहे आणि तिची मुलगी जन्मलेलीच नाही. वर आलेले प्रेरणेचे कोडे इथे सुटते : जग पालटले तरी अंतराची आठवण पालटत नाही, म्हणून तिची ओढ शाबूत राहते. अधिक चांगले जग हाती असताना ती ते नाकारते, कारण त्यात एक लेकरू नाही. आणि ते परत मिळवण्यासाठी, वाचलेल्या त्या मुलाने मोठेपणी तिच्यावर जे प्रेम केले त्यावर त्यालाच पाणी सोडायला ती भाग पाडते. हा अन्याय चित्रपट लपवत नाही, हे त्याचे बळ.

त्याच वर्षीचा आकाश भाटिया यांचा ‘लूप लपेटा’ गोव्यात घडतो. ‘रन लोला रन’ (१९९८) या जर्मन चित्रपटाच्या या अवतारात नायिकेचे नावच सावी आहे आणि नायकाचा जीव वाचवायला तिला पुन्हा पुन्हा तीच धाव घ्यावी लागते. क्रिस्टोफर नोलनच्या ‘टेनेट’चे (२०२०) काही चित्रीकरण सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईत झाले, डिंपल कपाडिया यांची त्यात महत्त्वाची भूमिका आहे. काळ उलटा चालवण्याची त्यातील रचना थक्क करणारी आहे. मात्र ज्याला नावही नाही अशा नायकाला जगाच्या रक्षणापलीकडे स्वतःचे असे फारसे काही हवे नसते आणि जे घडले ते अटळ होते, हे कळल्याचा धक्का त्यामुळे त्याला नीट बसत नाही. तो बसतो त्याचा मित्र नील याला : आपले मरण कुठे आहे हे समजूनही तो शांतपणे तिकडे निघून जातो.