पंडिता रमाबाई : दुष्काळ आणि आशा

संस्कृत नीतिवाङ्मयांत आशेला बरें नांव नाहीं. ती माणसास बांधून ठेवते, म्हातारपणींहि सुटत नाहीं, सबब विवेकी पुरुषानें ती टाकावी, असें आम्ही वर्गांत वर्षानुवर्षें शिकवीत आलों. ख्रिस्ती शास्त्रांत मात्र हीच आशा श्रद्धा व प्रीति यांच्या पंक्तीस सद्गुण म्हणून बसली आहे. पौलानें रोमकरांस लिहिलेल्या पत्रांत सारी सृष्टि प्रसूतिवेदनांनीं कण्हत वाट पाहत आहे असा आशय आहे. तेथें आशा म्हणजे हव्यास नव्हे; न दिसणाऱ्या राज्याची धीरानें पाहिलेली वाट होय. या दोन अर्थांमधील वाट एकाच व्यक्तीनें चाललेली पाहावयाची असेल, तर पंडिता रमाबाईंचें चरित्र उघडावें.

बाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकापवाद सोसून पत्नीस संस्कृत शिकविलें व तिनें तें मुलीस दिलें. तीर्थयात्रा व पुराणकथन हीच कुटुंबाची वृत्ति होती. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यांत दुष्काळ पडला. व्रतें, उपवास, अनुष्ठानें सर्व झालीं. देव धांवून येईल ही आशा शेवटपर्यंत होती. थोड्याच अवधींत वडील, आई व वडील बहीण गेलीं. आईच्या प्रेतास खांदेकरी मिळेनात. दोन ब्राह्मणांस दया आली, तिसरा बंधु श्रीनिवास आणि चवथ्या स्वतः रमाबाई. उंची कमी म्हणून त्यांस भार डोक्यावर घ्यावा लागला. हें त्यांनींच पुढें लिहून ठेविलें आहे. १८८० त बंधु गेला, १८८२ त पति. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं इंग्लंडांत वाँटेज येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

या धर्मांतरावर पुण्यांत जें वादळ झालें तें सर्वश्रुत आहे. १८९३ त शारदासदनांतून पालकांनीं मुली काढून नेल्या. त्यांची शंका अगदींच निराधार होती असें मला म्हणवत नाहीं. परंतु परलोकाच्या आशेनें माणूस इहलोकीं निष्क्रिय होतो, हा आक्षेप या बाईंस लागू पडत नाहीं. १८९६-९७ च्या दुष्काळांत त्या मध्यप्रांतांत स्वतः गेल्या व सुमारें तीनशें मुली व स्त्रिया घेऊन आल्या. १९०० त गुजराथेंतून आणखी आल्या, आणि केडगांवच्या मुक्तिसदनांतील संख्या एकोणीसशेंच्या घरांत पोंचली. इतक्या तोंडांस पाणी व अन्न हवें. विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, माग व तेलाचे घाणे चालले, छापखाना निघाला. येणाऱ्या राज्याची वाट पाहणें तें असें. १९०५ त तेथें प्रार्थनेचा जो आवेग उसळला, मुली रडत व ओरडत प्रार्थना करूं लागल्या, तो प्रकार माझ्यासारख्या वृद्ध शिक्षकास रुचत नाहीं. पण ज्यांनीं उपाशी मरणारीं माणसें पाहिलीं त्यांनीं किती हळू रडावें हें मी कोण सांगणार?

उतारवयांत बाई हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि बायबलाचें नवें मराठी भाषांतर करूं लागल्या. विस्मय वाटतो तो येथें. ज्या विदुषीस कलकत्त्याच्या पंडितांनीं ‘सरस्वती’ पदवी दिली, तिनें संस्कृतप्रचुर शब्द वेंचून काढून टाकिले. अल्पशिक्षित बाईस वाचून कळावें एवढाच दंडक. अलंकार सुटले याचें मला थोडें वाईट वाटतें. पण दुष्काळाच्या वाटेवरून उचलून आणलेल्या मुलीस जर कळलें नाहीं, तर तें अभिवचन कोणासाठीं?

काम शेवटच्या टप्प्यांत असतां २४ जुलै १९२१ रोजीं एकुलती एक कन्या मनोरमा वारली. बाईंनीं काम थांबविलें नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्याहि गेल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ त बाहेर पडला; त्याचे खिळे सदनांतल्या स्त्रियांनींच जुळविले होते.