चार्जिंग-तपासणी, जुन्या मोटारींची

इंजिन चालू असताना मोटारीचा डायनामो किंवा अल्टरनेटर दिव्यांना वीज पुरवून शिवाय बॅटरी भरतो की नाही, हे पाहण्याची रीत. प्रस्तुत नोंद मुख्यतः 12 व्होल्टच्या आणि बॅटरीचे ऋण टोक बॉडीला जोडलेल्या गाड्यांपुरती आहे.

पार्श्वभूमी : यांपैकी प्रीमियरच्या गाड्यांचा आणि सोलापूरचा संबंध थेट आहे. प्रीमियर ऑटोमोबाइल्सचे संस्थापक वालचंद हिराचंद यांचा जन्म 1882 साली सोलापुरात झाला. कंपनी 1944 मध्ये स्थापन झाली. कुर्ल्याच्या कारखान्यात प्रथम क्रायस्लर समूहाच्या गाड्या जोडल्या गेल्या, नंतर फियाट आल्या. फियाट 1100 चेच रूप पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ म्हणून घरोघरी माहीत झाले. जुन्या 1100 ला डायनामो असे, नंतरच्या पद्मिनीत अल्टरनेटर आला. (अमेरिकेत क्रायस्लरने 1960 च्या ‘व्हॅलियंट’पासून अल्टरनेटर रूढ केला.) मद्रासजवळील पाडी येथे 1961 मध्ये स्थापन झालेली लुकास-टीव्हीएस ही भारतातील मोटारींच्या विद्युत सामग्रीची प्रमुख उत्पादक.

तपासणी : आधी फॅनबेल्ट पाहावा. अंगठ्याने दाबल्यास तो साधारण 10 ते 12 मिमी आत जावा; ढिला बेल्ट घसरतो आणि चांगला अल्टरनेटरही निकामी वाटतो. मग किल्ली फिरवून चार्जिंगचा तांबडा दिवा पाहावा. तो इंजिन बंद असताना लागला पाहिजे आणि चालू झाल्यावर विझला पाहिजे. किल्ली फिरवूनही तो लागत नसेल तर हायसे वाटून घेऊ नये. अनेक अल्टरनेटरांत रोटरला सुरुवातीचा प्रवाह याच बल्बमधून मिळतो. बल्ब उडाला की अल्टरनेटर जागाच होत नाही, किंवा इंजिन बरेच रेस केल्यावर होतो. काही रुपयांच्या बल्बपायी अल्टरनेटर बदलला जातो, तो असा.

त्यानंतर मल्टिमीटर. काही तास उभ्या गाडीची भरलेली बॅटरी सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते, 12.2 म्हणजे निम्मी, 12 च्या खाली म्हणजे उतरलेली. इंजिन मध्यम वेगावर ठेवल्यास बॅटरीच्या टर्मिनलवर 13.8 ते 14.4 यावेत. हेडलाइट आणि वायपर लावल्यावरही आकडा 13.5 च्या आसपास टिकावा. तो 12 च्या घरातच राहिला तर चार्जिंग होत नाही. 15 च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला आहे आणि बॅटरीचे पाणी उकळून जाईल. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर तापल्यावर व्होल्टेज थोडे उतरवतात. म्हणून सोलापूरच्या मे महिन्यात, पारा 40 अंशांवर असताना, तापल्या इंजिनावर 13.7 दिसले तर तो दोष मानू नये.

वाहिनीतील घट : हा भाग सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित. दिवे लावून, इंजिन चालू ठेवून मल्टिमीटरचे एक टोक अल्टरनेटरच्या जाड तारेच्या बोल्टवर आणि दुसरे बॅटरीच्या धन टोकावर धरावे. फरक 0.3 व्होल्टहून जास्त असेल तर वीज तयार होते आहे, पण वाटेत अडते आहे. तसेच अल्टरनेटरचे अंग आणि बॅटरीचे ऋण टोक यांमधील फरक पाहावा, तो 0.2 च्या आत हवा. चाळीस-पन्नास वर्षांच्या गाडीत हिरवे पडलेले टर्मिनल, पीळ मारून टेप गुंडाळलेले जोड आणि गंजलेली अर्थिंगची पट्टी हे नेहमीचे गुन्हेगार. नव्याने रंगवलेल्या गाडीत पट्टी रंगावरच कसलेली आढळते. तिथे पत्रा खरवडून काढणे एवढाच इलाज.

डायोड : मल्टिमीटर एसीवर ठेवून चालू इंजिनावर बॅटरी मोजावी. अर्ध्या व्होल्टहून अधिक आल्यास डायोड गेल्याचा संशय घ्यावा. स्वस्त मीटर डीसीलाच एसी समजून खोटा आकडा देतात, म्हणून इंजिन बंद असताना टोके आलटून-पालटून मीटर शून्य दाखवतो का, हे आधी पाहून घ्यावे. रात्रभर उभ्या गाडीचा अल्टरनेटर सकाळी कोमट लागला, तर डायोड शॉर्ट आहे. बॅटरी उतरण्याचे कारणही तेच.

चालू इंजिनावर बॅटरीचे टर्मिनल काढून ‘गाडी चालते का’ पाहण्याची सवय डायनामोच्या काळातली आहे. अल्टरनेटरवर असे कदापि करू नये; व्होल्टेज एकदम उसळून डायोड आणि रेग्युलेटर दोन्ही जळू शकतात.

डायनामो : आयडलवर चार्जिंग नसणे आणि तांबडा दिवा लुकलुकणे स्वाभाविक. कार्बन, कम्युटेटर व कटआउट तपासावेत.

दुचाकी : वरील आकडे जसेच्या तसे लागू नाहीत.

मूळपणाचा प्रश्न : डायनामो काढून अल्टरनेटर बसवावा का, यावर संग्राहकांत एकमत नाही. रात्रीच्या प्रवासाला अल्टरनेटर निःसंशय सोयीचा. नोंदणीचा विचार करता, 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या खासगी गाड्यांना ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते. मोठ्या फेरबदलांच्या संदर्भात तिथे चॅसिस, बॉडी आणि इंजिन यांचा उल्लेख आहे. बदल केलाच, तरी मालकांनी काढलेला डायनामो आणि त्याची रेग्युलेटरची पेटी भंगारात देऊ नये. दोन्ही तेल-कागदात गुंडाळून गाडीबरोबरच जपून ठेवावीत.