बोटीवरचे परिचयवर्ग आणि प्रौढ शिष्यवृत्तीधारक

परदेशी शिकायला निघालेल्यांसाठी आज सर्रास भरणारे ‘ओरिएंटेशन’, म्हणजे परिचयवर्ग, मोठ्या प्रमाणावर रुजले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. आणि त्यांतले काही पहिले वर्ग जमिनीवर नव्हे तर बोटीवर भरले. १९४७ साली अमेरिकेत ‘कौन्सिल ऑन स्टुडंट ट्रॅव्हल’ ही संस्था निघाली. युद्धकाळात सैनिक वाहून नेलेल्या ‘मरीन टायगर’, ‘मरीन जंपर’ अशा बोटींतून विद्यार्थी युरोपला जात. अटलांटिक ओलांडायला आठवडाभर किंवा त्याहून जास्त वेळ लागे. तेवढ्या अवधीत भाषेचे पाठ, युरोपच्या परिस्थितीवर व्याख्याने, चर्चा असा कार्यक्रम आखला जाई. वर्ग बुडवून जायला कोणाला जागाच नव्हती, ही सोय आयोजकांच्या पथ्यावर पडली असणार.

त्या काळातले सगळेच विद्यार्थी विशीतले नव्हते. जून १९४४च्या कायद्याने अमेरिकेच्या निवृत्त सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला होता, आणि मान्यताप्राप्त परदेशी विद्यापीठांतही तो मिळे. लढाईत उमेदीची वर्षे घालवून आलेली माणसे त्यामुळे वर्गात बसली. पाठोपाठ १ ऑगस्ट १९४६ रोजी फुलब्राइट कायदा झाला. परदेशात पडून राहिलेले युद्धसाहित्य विकून येणारा पैसा शैक्षणिक देवाणघेवाणीसाठी वापरायची ही योजना होती. तिचे जनक सिनेटर जे. विल्यम फुलब्राइट स्वतः १९२५ मध्ये ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेले होते. ऱ्होड्सचा विद्यार्थी मात्र तरुण आणि अविवाहित असावा लागे. फुलब्राइटने ही चौकट मोडली. विद्यार्थ्यांबरोबर शाळाशिक्षक, संशोधक, प्राध्यापकही तिच्यात आले, आणि त्यांच्याबरोबर बायकामुलांचे प्रश्नही.

फुलब्राइटधारकांसाठी मुक्कामाच्या देशातही वर्ग भरत. इटलीला जाणारे अमेरिकन विद्यार्थी आधी पेरुजाच्या परदेशीयांसाठीच्या विद्यापीठात इटालियन शिकत. इंग्लंडला जाणाऱ्यांचा वर्ग १९५५ साली लंडनच्या बेडफर्ड कॉलेजात भरला होता. पाहुण्याने स्थानिक कुटुंबात काही दिवस राहावे, ही कल्पना १९३२ पासून ‘एक्सपेरिमेंट इन इंटरनॅशनल लिव्हिंग’ या अमेरिकी संस्थेने रुजवत आणली होती.

या वर्गांत सांगायचे काय, याला शास्त्राची बैठक नंतर मिळाली. मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांनी १९५४ मध्ये रिओ द जानेरो येथील व्याख्यानात परक्या समाजात बसणाऱ्या मानसिक धक्क्याचे टप्पे मांडले. त्यापेक्षा नेमके काम नॉर्वेच्या स्वेर्रे लिसगार्ड यांचे. अमेरिकेत राहून आलेल्या २०० नॉर्वेजियन फुलब्राइटधारकांचा त्यांचा अभ्यास १९५५ साली प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांपेक्षा कमी आणि अठरा महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले लोक तिथे बरे रुळले होते. मधल्या मुदतीचे तितकेसे नाहीत. परिचयवर्गाची खरी अडचण इथेच उघड होते. तो भरतो पहिल्या आठवड्यात, उत्साह टिपेला असताना. माणूस खचतो तो त्यानंतर काही महिन्यांनी.

भारत आणि अमेरिका यांच्यात फुलब्राइट करार २ फेब्रुवारी १९५० रोजी झाला. नोकरीत स्थिरावलेल्या भारतीयांनी शिकायला परदेशी जाणे त्या दशकात नवलाचे राहिले नाही. मराठी वाचकांना चटकन आठवेल ते पु. ल. देशपांडे यांचे उदाहरण, जरी ते फुलब्राइटवर गेले नव्हते. आकाशवाणीच्या सेवेत असताना, १९५८ मध्ये ते टेलिव्हिजनचे तंत्र शिकायला लंडनला बीबीसीत गेले. तेव्हा त्यांनी पस्तिशी ओलांडली होती आणि पत्नी सुनीताबाई बरोबर होत्या. ‘अपूर्वाई’ या त्या प्रवासाच्या पुस्तकाने अनेक मराठी घरांना विलायतेची तोंडओळख करून दिली.

पुढे विमानप्रवास आवाक्यात आला आणि बोटीवरचा आयता आठवडा संपला. परिचयवर्ग मग निघण्यापूर्वीची बैठक आणि पोचल्यावरचे काही दिवस असा विभागला गेला. व्हिसा, कर, आरोग्यविमा, प्रबंधातील उचलेगिरीचे नियम यांनी व्याख्यानांची जागा व्यापली. जोडीदाराचा व्हिसा, मुलांची शाळा, इथल्या नोकरीतली रजा या गोष्टी सर्वसाधारण वर्गात उरकल्या जातात, आणि प्रौढ विद्यार्थ्याला त्याच नेमक्या हव्या असतात. १९७८ साली सुरू झालेली हंफ्री फेलोशिप म्हणूनच वेगळी ठरते. ती मुळातच अनुभवी अधिकारी-व्यावसायिकांसाठी आहे आणि तिच्यात पदवी मिळत नाही.

वयाबाबतची धोरणे अजूनही सारखी नाहीत. फुलब्राइट-नेहरू पदव्युत्तर शिष्यवृत्तीला किमान तीन वर्षे कामाचा अनुभव लागतो. महाराष्ट्र शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीत मात्र पदव्युत्तर शिक्षणाला ३५ आणि पीएच.डी.ला ४० वर्षांची कमाल मर्यादा आहे.