ओट्यातली शेगडी

आपल्या सोसायटीच्या दोन्ही विंगमध्ये मिळून 56 स्वयंपाकघरं आहेत. 2000 साली ताबा मिळाला तेव्हा प्रत्येक स्वयंपाकघरात काळ्या ग्रॅनाइटचा ओटा होता आणि त्या ओट्यात कापा घेऊन बसवलेली तीन बर्नरची गॅसची शेगडी होती. बिल्डरच्या माहितीपत्रकात तिला 'हॉब' म्हटलं होतं. आपल्यातल्या बहुतेकांनी हा शब्द तेव्हा पहिल्यांदा ऐकला. लिफ्ट, पाण्याची टाकी, कन्व्हेयन्स, गणेशोत्सव यांवर इतर सभासद लिहिणार आहेतच, म्हणून मी शेगडी निवडली. या स्मरणिकेच्या निमित्ताने घरोघर विचारून पाहिलं, तर जवळजवळ एक तृतीयांश घरांत तीच मूळची शेगडी अजून चालू आहे. बाकीच्यांनी ती कधी ना कधी काढून टाकली. दुरुस्त करायची की बदलायची, हा प्रश्न मात्र प्रत्येक घराला एकदा तरी पडलाच.

हा प्रश्न तसा आपल्या पिढीचा आहे. आमच्या आज्यांना तो पडत नव्हता. मातीची चूल रोजच दुरुस्त व्हायची. सकाळी राख काढायची, पोतेरं फिरवायचं, तडा गेला असेल तिथे ओली माती दाबायची. दुरुस्ती असं वेगळं काही नव्हतंच, तो स्वयंपाकाचाच एक भाग होता. चुलीनंतर शहरात कोळशाची शेगडी आली. गळकी बादली टाकून न देता तिच्या पोटात लोखंडी गज बसवायचे, आतून माती लिंपायची, खाली हवेला भोक ठेवायचं, की झाली शेगडी. गज जळून वाकले की तेवढेच बदलायचे. वखारीतून भुसा आणून भरायची भुशाची शेगडीही पुष्कळ घरांत होती. मधे बाटली उभी धरून भोवती भुसा ठासून भरायचा आणि बाटली अलगद काढून घ्यायची. 'शेगडी' हा शब्द तिथूनच गॅसला चिकटला. इंधन तीनदा बदललं, नाव तेच राहिलं.

मुंबईत पाइपचा गॅस आपल्या बराच आधी होता, हे नव्या पिढीला खरं वाटत नाही. ऑक्टोबर 1865 मध्ये भेंडीबाजार, चर्चगेट स्ट्रीट आणि एस्प्लनेडच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. तो गॅस जमिनीतून काढलेला नव्हता. दगडी कोळसा बंद भट्टीत तापवून तो तयार करत. लालबागची गॅस कंपनी लेन त्याचीच आठवण आहे. पुढे विजेचे दिवे आले आणि हा गॅस दक्षिण मुंबईतल्या काही भागांत स्वयंपाकघरांत वापरला जाऊ लागला. कोळशाच्या गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड असतो, म्हणजे तो जळण्याआधीच विषारी. त्यामुळे कॉक गळत नाही ना, हे पाहणं तिथे जिवाचं काम होतं. चाळीत राहणाऱ्या आमच्यासारख्यांचा त्या गॅसशी संबंध आला नाही. आमच्याकडे स्टोव्ह होता.

स्टोव्हबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण दुरुस्ती म्हणजे काय हे आमच्या पिढीला त्यानेच शिकवलं. 1892 साली स्वीडनमध्ये फ्रान्स लिंडक्विस्ट याने हा वातीशिवाय चालणारा रॉकेलचा स्टोव्ह काढला. कंपनीचं नाव 'प्रायमस', आणि आपल्याकडे कुठल्याही कंपनीच्या स्टोव्हला लोक प्रायमसच म्हणत. पितळी टाकीत रॉकेल, पंपाने हवा भरायची, दाबाने रॉकेल वर चढतं, तापलेल्या बर्नरमध्ये त्याची वाफ होते आणि बारीक भोकातून बाहेर पडून ती निळी जळते. आधी काकडा स्पिरिटमध्ये बुडवून बर्नरभोवती लावायचा. बर्नर पुरेसा तापायच्या आत पंप मारला की पिवळी ज्वाळा छताकडे झेपावलीच. भोकात काजळी अडली की पिन मारायची. पंप ढिला झाला की आतला चामड्याचा वॉशर काढून त्याला खोबरेल तेल लावायचं, बोटाने थोडा फाकवायचा आणि परत बसवायचा. दहा वर्षांच्या मुलालाही हे येत असे. डाग द्यायचं काम तेवढं स्टोव्ह रिपेअरवाल्याकडे. तो टाकी पाण्यात बुडवून हवा भरायचा आणि बुडबुडे कुठून येतात ते पाहायचा, सायकलच्या ट्यूबसारखं. एक स्टोव्ह वीस-पंचवीस वर्षं सहज चाले. तोवर त्यातली टाकी सोडली तर बहुतेक सगळं बदललेलं असे.

या आठवणीला एक काळी बाजूही आहे. स्टोव्हच्या भडक्यात विवाहिता भाजल्याची बातमी त्या काळी वर्तमानपत्रात वरचेवर येई. ते सगळे भडके वॉशर खराब झाल्यामुळे उडत नव्हते, हे समाजाला कळायला फार वर्षं लागली. 1983 साली 498-अ हे कलम आलं ते अशाच मृत्यूंच्या पार्श्वभूमीवर. तेव्हा जुन्या वस्तूंचं कौतुक करताना हेही लक्षात असलेलं बरं.

सिलिंडरचा गॅस मुंबईत आला तो 1955 च्या सुमारास. तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला, स्टॅनव्हॅक आणि बर्मा-शेल यांच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांना तेव्हा नुकतीच सुरुवात झाली होती. बर्मा-शेलने आपल्या गॅसला 'बर्शेन' नाव दिलं. 1965 मध्ये इंडियन ऑइलचा 'इंडेन' आला. सत्तरच्या दशकात परदेशी तेल कंपन्या सरकारने ताब्यात घेतल्या आणि एस्सोची हिंदुस्थान पेट्रोलियम, बर्मा-शेलची भारत पेट्रोलियम झाली. गॅसला मात्र नंबर लावावा लागे आणि तो यायला वर्षं लागत. खासदारांना कनेक्शनची कुपनं मिळत आणि त्यासाठी लोक त्यांच्या दारात उभे राहत. अशा काळात घरात आलेली दोन बर्नरची शेगडी ही दागिन्यासारखी जपली जाई. बँकेत बदली झाली की सिलिंडर आणि रेग्युलेटर परत करून ट्रान्सफर व्हाउचर घ्यायचं. शेगडी मात्र गोणपाटात बांधून आमच्याबरोबर गावोगाव फिरली. तिचे बर्नर मी स्वतः मिठाच्या गरम पाण्यात भिजवून घासले आहेत.

आता आपल्या ओट्याकडे येतो. सुट्या शेगडीचं बरं असतं, बिघडली तर उचलली आणि दुसरी ठेवली. ओट्यात बसवलेल्या शेगडीचं तसं नाही. साधारण बारा-तेरा वर्षं झाली तेव्हा एकेका घरातून तक्रारी सुरू झाल्या. बटण फिरत नाही, मधला बर्नर पिवळा जळतो, भांड्यांची बुडं काळी होतात. ज्या कंपनीची ती शेगडी होती तिच्या सेवा केंद्रातून उत्तर आलं की हे मॉडेल बंद झालं, सुटे भाग मिळणार नाहीत, नवीन घ्या. नवीन घ्यायला हरकत नव्हती, पण आजचे तीन बर्नरचे हॉब लांब आणि अरुंद असतात, जुन्या काप्यात ते बसत नाहीत. म्हणजे ग्रॅनाइट कापायचा. घरात आठवडाभर धूळ, आणि काप्यापुढची जी चार बोटांची पट्टी उरते ती कटर लागला की तडकते. दोन घरांत ती खरोखर तडकली आणि शेगडीपायी अख्खा ओटा बदलावा लागला.

बी विंगमधल्या एका आजींचा प्रश्न याहून वेगळा होता. त्या एकट्या राहतात आणि त्यांना फार कमी दिसतं. त्यांची बोटं त्या शेगडीची बटणं ओळखतात. किती फिरवलं की मंद, कुठे 'टक्' वाजलं की बंद, कुठला बर्नर हाताच्या कुठल्या बाजूला, हे त्यांना पाहावं लागत नाही. मुलाने पुण्याहून येऊन काचेचा नवा हॉब घ्यायचा म्हटलं. त्या म्हणाल्या, "अरे, ती काच मला दिसणारच नाही, मग मी स्वयंपाक कशावर करू?" मुलाचंही चुकत नव्हतं. आईच्या घरात गॅस गळला तर, ही भीती त्याला होती. अडकलेलं बटण जोर लावून फिरवणाऱ्या आईला पाहून कुणालाही ती वाटेल.

शेवटी गॅस एजन्सीच्या ओळखीने एक जुना मेकॅनिक आला. त्याने आजींची शेगडी वर उचलून उलटी केली तेव्हा आम्ही चार-पाच जण भोवती होतो, आणि शेगडीच्या पोटात किती थोडं सामान असतं हे पहिल्यांदा पाहिलं. गॅसची एक आडवी नळी, तिच्यावर तीन पितळी कॉक, प्रत्येक कॉकच्या टोकाला बारीक भोकाचा जेट, पुढे हवा आणि गॅस एकत्र होतात ती नळी आणि वर बर्नर. बस्स. बटण अडकत होतं कारण कॉकमधलं ग्रीस वाळलं होतं. कॉकच्या आत पितळेची निमुळती गुल्ली असते आणि ती त्याच कॉकच्या घरात घासून बसवलेली असते. एकीची गुल्ली दुसरीत घातली तर गॅस गळतो. म्हणून त्याने एका वेळी एकच कॉक उघडला, पुसला, उष्णता सहन करणारं खास ग्रीस लावलं, बंद केला आणि मगच पुढच्याला हात घातला. (घरातलं शिलाई मशीनचं तेल तिथे चालत नाही, ते वाळतं आणि गळती होते.) पिवळ्या ज्योतीचं कारण बर्नरच्या भोकांत शिजून बसलेली डाळ आणि हवेच्या तोंडाशी कोळ्याने केलेलं जाळं! ज्योत पिवळी म्हणजे हवा कमी पडते, गॅस अर्धवट जळतो, काजळी धरते आणि बिलही वाढतं. मागची रबरी नळी मात्र त्याने दाखवून कापूनच टाकली आणि नवी घालायला लावली. सगळं बसवून झाल्यावर साबणाचं पाणी प्रत्येक सांध्यावर लावलं. कुठेच बुडबुडा आला नाही. स्टोव्हवाल्याची टाकी आठवली.

सगळा खर्च नव्या हॉबच्या दहाव्या हिश्शाच्या आत झाला, ग्रॅनाइट वेगळाच. बँकेच्या वहीत घसारा लावत लावत फर्निचर एक रुपयावर आणून ठेवतात. ते टेबल पुढे वीस वर्षं वापरात असतं, पण वहीत ते संपलेलं असतं. सेवा केंद्राची वही तशीच असावी.

त्याआधी एकदा या शेगड्यांवर बाका प्रसंग आला होता, तोही नोंदवतो. मुंबई हायच्या समुद्रात 1974 साली तेल सापडलं, तिथला वायू उरणला किनाऱ्यावर येऊ लागला आणि 1995 मध्ये महानगर गॅस कंपनी स्थापन झाली. आपल्याकडे पाइप यायला आणखी बरीच वर्षं गेली. पाइपचा वायू आणि सिलिंडरचा वायू वेगळे. घनमीटरमागे सिलिंडरच्या गॅसची उष्णता अडीचपटींहून जास्त, आणि पाइपमधला दाबही कमी. त्यामुळे तेवढीच आच हवी असेल तर जेटचं भोक मोठं लागतं. तेव्हा काही घरांनी "जुनी शेगडी चालणार नाही" असं ऐकून घाबरून नवीन घेतली. प्रत्यक्षात जोडणीला आलेल्या फिटरने योग्य आट्यांचे मोठ्या भोकाचे जेट बसवले आणि बाकीच्यांच्या शेगड्या अर्ध्या तासात नव्या वायूवर जळू लागल्या. आणखी एक फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर ओट्याखालच्या बंद कपाटात साचतो. पाइपचा वायू हलका, तो वर जातो. म्हणून कपाटाच्या दाराला जाळी हवी आणि स्वयंपाकघराचा वरचा झरोकाही उघडा हवा. फर्निचर नवीन करताना हे दोन्ही बुजवलेले मी पाहिले आहेत.

प्रत्येक शेगडी दुरुस्त करावी असं माझं म्हणणं नाही. पत्र्याचं बूड गंजून जाळी झालं असेल, गॅसची आडवी नळी खाल्ली गेली असेल किंवा कॉकची गुल्ली झिजून ग्रीस लावूनही गळत असेल, तर ती शेगडी काढलीच पाहिजे. तिथे चिकटपट्टी किंवा एम-सील लावणाऱ्याला मी तरी सुज्ञ म्हणणार नाही. ए विंगमधल्या तीन घरांत मेकॅनिकने स्वतः सांगितलं की आता नवीन घ्या, आणि त्यांनी घेतली.

त्या तीन शेगड्या भंगारात जाण्याआधी त्यातले चांगले भाग काढून घ्यावेत, ही कल्पना आजींची. बर्नरच्या पितळी चकत्या, भांडी ठेवायचे बिडाचे स्टँड, बटणं आणि खालच्या ताटल्या आता सोसायटीच्या ऑफिसात बिस्किटांच्या एका मोठ्या डब्यात आहेत. कॉक आणि रबराच्या नळ्या आम्ही मुद्दाम ठेवलेल्या नाहीत, ते कुणाचे जुने कुणी वापरू नयेत. डब्यातून काय घेतलं हे वहीत लिहायचं, पैसे नाहीत. आतापर्यंत अकरा घरांनी काही ना काही नेलं आहे. सध्या मोठ्या बर्नरच्या दोन चकत्या, चार स्टँड आणि पाच ताटल्या शिल्लक आहेत. बटण एकही नाही, आणि आजींचं मधल्या बर्नरचं बटण गेल्या महिन्यात तडकलं आहे. कुणाच्या माळ्यावर जुना हॉब पडून असेल तर कृपया एकदा पाहावं आणि ऑफिसात आणून द्यावं.