पहिल्या वादकाची तबकडी

आपल्याकडे बंदिश गुरूच्या गळ्यातून शिष्याच्या गळ्यात जाते. ती पहिल्यांदा कुणी गायली, असं सहसा कुणी विचारत नाही. पाश्चात्त्य संगीतातल्या व्हायोलिन कन्चर्टोला, म्हणजे एक व्हायोलिन आणि त्याच्या जोडीला अख्खा वाद्यवृंद अशा रचनेला, मात्र जन्मतारीख असते. अमुक गावी, अमुक दिवशी, अमक्यानं ती प्रथम वाजवली. विसाव्या शतकात ध्वनिमुद्रण सुधारत गेलं आणि त्या पहिल्या वादकाचं वाजवणं टिकण्याची सोय झाली. सोय झाली, पण दर वेळी ते टिकलंच असं नाही.

एल्गारचाच कन्चर्टो घ्या. १० नोव्हेंबर १९१० रोजी लंडनमध्ये फ्रिट्झ क्राइसलरनं तो प्रथम वाजवला; रचना त्यालाच अर्पण केलेली. क्राइसलर ग्रामोफोनच्या जमान्यातला मोठा लोकप्रिय वादक, तबकड्याही त्यानं भरपूर केल्या, पण हा कन्चर्टो त्यानं कधीच मुद्रित केला नाही. शेवटी जुलै १९३२ मध्ये एचएमव्हीच्या फ्रेड गैसबर्गनं पंचाहत्तर वर्षांच्या एल्गारपुढे सोळा वर्षांचा येहुदी मेन्युहिन उभा केला. गैसबर्ग म्हणजे तोच बरं का, ज्यानं १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जानचा आवाज तबकडीवर घेतला. हे ध्वनिमुद्रण आजही आवडीनं ऐकलं जातं. त्यात रचनाकार आहे, पहिला वादक नाही. क्राइसलरनं तो कसा वाजवला असेल, याचा आता फक्त अंदाज बांधायचा.

आज आपल्याला जास्त वेळ थांबायचंय ते आल्बान बर्गच्या कन्चर्टोपाशी. १९३५ च्या सुरुवातीला लुई क्रास्नर या तरुण अमेरिकन वादकानं बर्गकडे कन्चर्टो मागितला. बर्ग ‘लुलू’ या ऑपेरात गुंतलेला, त्याला ते नको होतं. क्रास्नरनं त्याला वर्मी लागेल असा मुद्दा काढला: बारा स्वरांच्या या नव्या पद्धतीत नुसती बुद्धी आहे, भावना नाही, असं लोक म्हणतात, त्याला उत्तर द्यायचं तर तुम्हीच देऊ शकता. पैशाची गरजही होतीच. एप्रिलमध्ये अल्मा माहलर आणि वॉल्टर ग्रोपियस यांची मुलगी मानोन वयाच्या अठराव्या वर्षी पोलिओनं गेली. बर्गनं ‘लुलू’ बाजूला ठेवलं आणि ऑगस्टपर्यंत कन्चर्टो पुरा केला, ‘एका देवदूताच्या स्मृतीस’. ‘लुलू’ अपुरंच राहिलं. त्याच वर्षी २४ डिसेंबरला बर्ग वारला. म्हणजे ज्या दिवशी हा कन्चर्टो पहिल्यांदा वाजला, त्या दिवशी तो दोघांसाठी शोकगीत होता.

तो दिवस १९ एप्रिल १९३६, गाव बार्सिलोना. संचालन करायचं होतं बर्गचा जिवलग मित्र आंटोन वेबर्न याला. पण तालमींचा बहुतेक वेळ त्यानं सुरुवातीच्या थोड्याशा भागावरच घालवला. एकेक स्वर घासून-पुसून घ्यायचा त्याचा स्वभाव आणि त्यात मित्राचं दुःख! अखेर त्याच्यानं ते झेपेना आणि तो बाजूला झाला. ऐन वेळी हेर्मान शेर्शेननं वाद्यवृंद हाती घेतला आणि कार्यक्रम पार पडला. मग बाराच दिवसांनी, १ मे रोजी, लंडनला बीबीसीच्या वाद्यवृंदासमोर वेबर्न उभा राहिला, आणि या वेळी मात्र तो शेवटपर्यंत उभा राहिला. व्हायोलिनवर पुन्हा क्रास्नर. त्याच्याकडे या वादनाच्या तबकड्या राहिल्या. त्या लोकांच्या हाती आल्या त्या पन्नासहून अधिक वर्षांनी.

आपण त्या ऐकतो तेव्हा आधी खरखरच ऐकू येते. मग व्हायोलिनच्या चार मोकळ्या तारा एकामागून एक वाजतात, जणू कुणी वाद्य लावून बघतंय. वेबर्नची लय संथ आहे, मधूनमधून अडखळते म्हणावं इतकी. वाद्यवृंदाला ही भाषा नवीन, तेही कळतं. शेवटाकडे बाखचं कोराल येतं, तेव्हा सगळे जण श्वास धरून वाजवताहेत असं वाटतं. आमचं मत विचाराल तर सफाईत याच्याहून सरस मुद्रणं डझनावारी सापडतील. पण रचना पुढे कुठे जाणार आहे हे वाजवणाऱ्यांनाच अजून पुरतं ठाऊक नाही, ही स्थिती त्यांत सापडायची नाही.

आणि हाच क्रास्नर १९४० मध्ये क्लीव्हलंडच्या वाद्यवृंदाबरोबर, रोजिन्स्कीच्या संचालनाखाली, हीच रचना मुद्रित करतो तेव्हा चाल बरीच नेटकी होते. आता सांगा, ‘पहिल्या वादकाचं खरं वादन’ यातलं कुठलं? अस्सल प्रत शोधायला निघालेल्यांची इथे पंचाईत होते. पहिला वादक साक्षीदार असतो, न्यायाधीश नव्हे, आणि साक्षीदारही चार वर्षांत बदलतो.

कधी कधी तर तो साक्षीदारापेक्षा जास्त काही असतो. बार्टोकच्या दुसऱ्या कन्चर्टोची गोष्ट तशी आहे. बार्टोकच्या मनात एकाच धुनेची निरनिराळी रूपं गुंफायची होती. वादक झोल्टान सेकेई हटून बसला की मला रीतसर तीन भागांचा कन्चर्टोच हवा. बार्टोकनं तसा दिला, पण दुसरा भाग रूपांचाच केला आणि तिसऱ्यात पहिल्याचीच सामग्री नव्यानं रचली. हट्ट दोघांचाही पुरा झाला म्हणायचा! शेवट मात्र त्यानं असा लिहिला होता की अखेरच्या पानांवर व्हायोलिन गप्प आणि वाद्यवृंदच बोलतोय. सेकेईनं पुन्हा तक्रार केली: हा कन्चर्टो आहे, सिम्फनी नव्हे. बार्टोकनं अखेर बदलली.

२३ मार्च १९३९ रोजी अ‍ॅमस्टरडॅमला मेंगेलबर्गच्या संचालनाखाली झालेला पहिला प्रयोग मुद्रित झाला आणि सुदैवानं टिकला. बार्टोक त्या सभागृहात नव्हता. पुढे तो अमेरिकेला गेला, आणि स्वतःचा हा कन्चर्टो वाद्यवृंदासह त्यानं प्रत्यक्ष ऐकला तो थेट १९४३ मध्ये न्यूयॉर्कला, दुसऱ्याच वादकाच्या हातून. अ‍ॅमस्टरडॅमच्या मुद्रणात शेवटच्या मिनिटाला सेकेईचं व्हायोलिन वाद्यवृंदावर चढत जातं ना, ती त्यानं मागून घेतलेली अखेर आहे. जुनी अखेरही छापील प्रतीत पर्याय म्हणून दिलेली आहे, आणि अलीकडे काही वादक मुद्दाम तीच वाजवतात.