हिंद सायकल : एका बंद कारखान्याची व एका घराची हकीकत

आपल्या समाजमंडळाच्या या वार्षिक स्मरणिकेसाठी एखादा ऐतिहासिक विषय घेऊन चार शब्द लिहावेत, अशी संपादक मंडळींची आज्ञा झाली. इतिहास म्हटला की गडकोट, लढाया आणि राजेरजवाड्यांच्या वंशावळी डोळ्यांपुढे उभ्या राहतात. त्या विषयावर लिहिण्याचा आमचा अधिकार नाही. आम्ही पडलो खेड्यातील शिक्षक. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि उभी हयात फळा-खडूत गेलेली. परंतु ज्या वस्तूने आमच्यासारख्या शेतकऱ्याच्या मुलास शाळेच्या दारापर्यंत नेऊन पोहोचविले, त्या वस्तूचाही इतिहास असतो, आणि तो लिहिला न गेल्यास भंगाराच्या भावाने विकला जातो, हे गेल्या वर्षी आमच्या प्रत्ययास आले. म्हणून हा लेख.

गेल्या वर्षी कोरीट येथील आमच्या वडिलोपार्जित घराचे जुने धाबे उतरविण्याचे काम निघाले. मागील खोलीत कडब्याच्या आणि मिरचीच्या जुन्या पोत्यांच्या आड एक सायकल भिंतीस टेकलेली निघाली. टायर कुजून गेलेले, बैठकीचे चामडे उंदरांनी कुरतडलेले, आणि सांगाड्यावर रंगाचे तीन थर. भंगारवाल्याने ती तराजूत घातली व लोखंडाच्या दराने किंमत सांगितली. आम्ही रुकार देणार, तोच आखाजीसाठी माहेरी आलेली आमची थोरली बहीण ओट्यावरून म्हणाली, “भाऊ, ती विकू नको.” एवढेच म्हणून ती आत निघून गेली. तिच्या या शब्दांचे कारण पुढे येईलच. आधी सायकलीचा पूर्ववृत्तांत सांगतो.

दोन सारख्या चाकांची, साखळीने मागचे चाक फिरविणारी आजच्या धर्तीची सायकल इंग्लंडातील कॉव्हेन्ट्री येथे जॉन केम्प स्टार्ली याने १८८५ साली सिद्ध केली. १८८८ साली बेलफास्ट येथे डनलॉप याने हवेचे टायर काढले, आणि हाडे खिळखिळी करणारे हे वाहन माणसास सोसेल असे झाले. त्याच १८८८ सालाची एक गोष्ट मराठी माणसाने अवश्य ध्यानी ठेवावी. पुढे लोखंडी नांगर करून नावारूपास आलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर तेव्हा मुंबईस तांत्रिक शाळेत शिक्षक होते. ते मुंबईहून सायकली पाठवीत आणि त्यांचे बंधू रामूअण्णा बेळगावात त्या विकून गिऱ्हाइकांस चालविण्यासही शिकवीत. किर्लोस्करांच्या पुढील सर्व उद्योगाचा आरंभ असा सायकलीच्या दुकानापासून झाला.

तरीही पुष्कळ वर्षे सायकल ही विलायती वस्तूच राहिली. रॅले नॉटिंगहॅमची, हर्क्युलिस बर्मिंगहॅमची. आपल्या लोकांनी सायकलीवर पराक्रम केले ते परदेशी यंत्रावर. १९२३ च्या ऑक्टोबरात मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भूमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटर अंतर तोडून १९२८ साली मुंबईस परतले. साहस आपले, पण सायकल दुसऱ्याची, अशी ती स्थिती होती.

ही स्थिती पालटण्याचा पहिला नेटाचा यत्न दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभाच्या सुमारास झाला. कलकत्ता, पाटणा आणि मुंबई या ठिकाणी देशी सायकलीचे कारखाने निघाले. त्यांतील मुंबईचा कारखाना म्हणजे वरळीची हिंद सायकल्स. युद्धामुळे विलायती मालाची आवक मंदावली आणि स्वदेशी मालास बाजार मिळाला. स्वातंत्र्यानंतर तर ‘हिंद’ हे नाव उच्चारताना गिऱ्हाइकाची मान ताठ होत असे. काळा कुळकुळीत रंग, त्यावर सोनेरी रेषा, दांड्यांचे ब्रेक, पूर्ण साखळीझाकण, अठ्ठावीस इंची चाके, आणि मागे धान्याचे पोते वाहील असे कॅरियर: आपल्या रस्त्यांना साजेसे हे वाहन होते.

परंतु पुढील वीस वर्षांत बाजार बदलला. १९४९ साली मद्रासजवळ अंबत्तूर येथील टी. आय. सायकल्स स्थापन झाली. सुधीरकुमार सेन यांनी रॅले कंपनीच्या साहाय्याने बंगालात आसनसोल येथे सेन-रॅले कारखाना उभारला. १९५१ साली सोनीपतला ॲटलास आणि १९५६ साली लुधियान्यास मुंजाळ बंधूंची हीरो सायकल उभी राहिली. लुधियान्यात घरोघरी सुटे भाग घडविणारे लहान कारागीर होते. मोठ्या कारखान्याने सारेच स्वतः घडविण्यापेक्षा हे भाग आणून जोडावेत, म्हणजे सायकल स्वस्त पडते, हे तेथील लोकांनी ओळखले. मुंबईसारख्या महाग शहरातील जुन्या कारखान्यास ही स्पर्धा झेपणे कठीण होते. हिंद आणि सेन-रॅले या दोहोंचे व्यवस्थापन अखेर केंद्र शासनास हाती घ्यावे लागले, व १९८० साली कायदा करून दोघांचेही राष्ट्रीयीकरण झाले. मुंबईच्या कारखान्यासाठी नॅशनल बायसिकल कॉर्पोरेशन हे सरकारी महामंडळ निघाले. तेही टिकले नाही. आज वरळीस हिंद सायकल घडत नाही. ती उरली आहे ती आपल्यासारख्यांच्या अडगळीत. आणि जिंकणाऱ्यांसही काळ सोडत नाही; ॲटलासचा साहिबाबाद येथील कारखाना २०२० सालच्या ३ जूनला, म्हणजे नेमका जागतिक सायकल दिनीच, बंद पडला.

आता आमच्या घरची सायकल. १९६२ साली मिरचीस बरा भाव आला, तेव्हा ती. वडिलांनी नंदुरबारच्या एका व्यापाऱ्याकडून ही हिंद सायकल जुनीच विकत घेतली. त्या काळी खेड्यात सायकल असणे म्हणजे आज मोटार असण्यासारखे. शहरात शिरावयाचे तर नगरपालिकेचा कर भरून पत्र्याचा बिल्ला लावावा लागे, रात्री घासलेटचा दिवा पेटवावा लागे, आणि डबलसीट बसल्यास पोलिसाचा धाक. वडील बाजारच्या दिवशी तीवर नंदुरबारला जात. एरवी ती पुसूनपासून ओसरीत उभी असे व तीस हात लावण्याची आम्हां मुलांस मनाई होती.

ही मनाई पहिल्यांदा मोडली ती आमच्या ताईने. वडील शेतात गेले की ती खळ्यात सायकल नेई आणि दांड्याखालून पाय घालून कैची मारीत शिके. आम्ही मागून कॅरियर धरून धावत असू. ढोपरे फुटली, पण महिन्याभरात ती बैठकीवर बसून चालवू लागली. १९७० साली ती गावच्या शाळेतून सातवी पास झाली, आणि शाळेत पहिली आली. पुढील वर्ग नंदुरबारला. तिने वडिलांस सरळ विचारले, “सायकल द्या, मी रोज जाऊन येईन.” त्या रात्री घरात जे बोलणे झाले ते आम्हांस अजून ऐकू येते. भाऊबंदांतील वडीलधारी मंडळी जमली. मुलीची जात, रस्ता सुना, आणि सायकलीवर बसलेली मुलगी पाहून लोक काय म्हणतील? वडील दुष्ट नव्हते. ते भ्याले. ताईची शाळा तेथे संपली व चार वर्षांनी तिचे लग्न झाले.

१९७३ साली आमची सातवी झाली. तीच सायकल, तोच रस्ता, तीच शाळा. या वेळी कोणी जमले नाही, कोणी काही विचारले नाही. वडिलांनी आमच्या उंचीला बैठक खाली करून दिली. सायकल पुसून दारात उभी केली ती ताईने. १९७६ साली आम्ही मॅट्रिक झालो, अध्यापनाचा अभ्यासक्रम केला आणि नोकरीस लागलो. ज्या पगारावर आमचा संसार झाला, त्याचे मूळ त्या सायकलीत आहे. आणि ती सायकल आमच्याआधी दुसऱ्या कोणी मागितली होती. त्या वेळी आम्ही तेरा वर्षांचे होतो हे खरे, परंतु पुढील पन्नास वर्षांतही आम्ही तो विषय तिच्यापाशी काढला नाही. सायकल भंगारात घालू नको असे ती म्हणाली, तेव्हा तिने कोणत्या गोष्टीवर हात ठेवला हे आम्हांस कळले.

सायकल नीट करावयाचे ठरले. पुण्यास कर्वेनगरात श्री. विक्रम पेंडसे यांनी जुन्या सायकलींचे संग्रहालय उभारले आहे. महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी केलेली घडीची बी. एस. ए. सायकलही तेथे आहे. जुनी वस्तू नवी दिसावी हा हेतू न ठेवता, ती होती तशी चालती व्हावी, हा आम्ही आमचा नियम ठरविला. नंदुरबारातील एका वृद्ध मिस्त्रींनी काम पत्करले. आम्ही वही घेऊन शेजारी बसत असू.

प्रथम प्रत्येक भाग काढण्यापूर्वी त्याची जागा वहीत लिहिली. गंजलेले आटे घासलेटात दोन रात्री भिजत ठेवले. पायडलच्या दांड्यांचे कॉटर इतके जाम झाले होते की मिस्त्रींनी हातोडा उचलण्यापूर्वी खालून लोखंडी नळीचा आधार दिला. तसे न केल्यास घाव छर्ऱ्यांच्या वाटीवर बसतो व ती फुटते. पुढल्या नळीवरील रंगाचे थर हळूहळू काढल्यावर ‘हिंद’ ही अक्षरे वर आली, तेव्हा दोघांच्याही तोंडून शब्द फुटेना. येथेच आमच्या हातून एक अपराध घडला. उत्साहाच्या भरात आम्ही पॉलिश पेपर घेऊन घासू लागलो आणि जुनी सोनेरी रेषा वीतभर पुसून टाकली. मिस्त्री रागावले नाहीत. “मास्तर, पुसायला एक घटका लागते,” एवढेच म्हणाले. ती जागा आम्ही तशीच ठेविली आहे.

मागील चिमट्याच्या सांध्याजवळ तडा गेला होता. विजेने वेल्डिंग करून द्यावे, असे एकाने सुचविले. मिस्त्रींनी ते नाकारले. त्याचे कारण सांगण्याजोगे आहे. अशा सायकलीचा सांगाडा म्हणजे पातळ पोलादी नळ्या सांध्यांच्या कोंदणात बसवून पितळेच्या झाळीने जोडलेल्या असतात. पितळ पोलादाच्या आधी वितळते, म्हणून नळी न वितळता सांधा भरतो. विजेच्या प्रखर उष्णतेने पातळ नळी सांध्याशेजारी कमकुवत होते व पुन्हा तेथेच तुटते. म्हणून पितळेचीच झाळ दिली. टायर, ट्यूब, ब्रेकचे गुटके, छर्रे व बैठकीचे चामडे एवढेच नवे घातले. बाकी सारे जुनेच ठेविले. रंगही नवा दिला नाही, केवळ तेल व मेण लाविले.

येथे एका गोष्टीचा विचार वाचकांनी करावा. अमेरिकेतील स्त्रीहक्कांच्या पुरस्कर्त्या सुझन अँथनी यांनी १८९६ साली, स्त्रियांच्या मोकळिकीस सायकलीइतका हातभार दुसऱ्या कशानेच लागला नाही, अशा आशयाचे मत दिले होते. आपल्याकडे ते उमगण्यास शंभर वर्षांहून अधिक काळ लागला. बिहार राज्याने २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्याची योजना काढली, आणि माध्यमिक शाळेतील मुलींची संख्या वाढली. ज्यांची शाळा लांब होती त्यांच्यात ही वाढ अधिक दिसली. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमातून गरजू विद्यार्थिनींना सायकली देण्यात आल्या. म्हणजे १९७० साली एका मुलीने ओसरीत उभे राहून जे मागितले, ते शहाणपणाचेच मागणे होते. चुकलो ते आम्ही, जमलेली वडीलधारी मंडळी, आणि आपला समाज.

यंदाच्या आखाजीस ताई आली, तेव्हा सायकल दारात उभी होती. गुडघ्यांमुळे तिला आता बसवत नाही. तिने हँडल धरून ती खळ्यापर्यंत चालवीत नेली व परत आणली. “वजन तेवढंच आहे रे,” म्हणाली. आम्ही म्हणालो, “ताई, ही तुझीच होती.” यावर ती काही वेळ बोलली नाही. मग तिने घंटी वाजवून पाहिली आणि बरोबर आलेल्या नातीस हाक मारून सांगितले, “ये, बैस. मी मागून धरते.” सायकल आता तिच्या घरी आहे.

समाजबंधूंना आमची दोन विनवण्या आहेत. पहिली ही की, घरातील जुनी सायकल, मोट, शिवणयंत्र भंगारात घालण्यापूर्वी ते कोणी, कधी, कशासाठी घेतले एवढे तरी एका वहीत लिहून ठेवावे. दुसरी ही की, मंडळाच्या शिक्षणनिधीतून दरवर्षी काही सायकली, शाळा लांब असलेल्या मुलींस द्याव्यात. पहिल्या सायकलीचे मोल आमच्या निवृत्तिवेतनातून देण्याचे आम्ही याच पानावर कबूल करतो. कारखाने निघतात आणि बंद पडतात; ते आपल्या हाती नाही. ओसरीत उभ्या असलेल्या सायकलीस हात कोणी लावावा, एवढे मात्र आपल्या हाती होते व आजही आहे.