कंपनाने बधिर होणारे हात

पितळी भांड्यांची नगरी ही भंडाऱ्याची जुनी ओळख. पुढे जवाहरनगरची आयुध निर्माणी, गडेगावचा वाहन उद्योग आणि वरठीचा पोलाद कारखाना यांनी जिल्ह्याला औद्योगिक चेहरा दिला. धातूकाम म्हटले की ग्राइंडर, ड्रिल आणि हवेच्या दाबावर चालणारी हत्यारे आलीच. या हत्यारांचे कंपन हातात उतरते. बफिंगच्या फिरत्या चाकावर भांडे दाबून धरणाऱ्याचीही त्यातून सुटका नसते.

प्रारंभी बोटांना मुंग्या येतात, बधिरता जाणवते. पुढे थंडीत बोटे पांढरी पडतात, पकड सैल होते, सदऱ्याची गुंडी लावणेही जड जाते. थंडीने हा त्रास बळावत असल्याने विदर्भाच्या कडक उन्हाळ्यात तो लपून राहू शकतो. नसांची हानी वाढल्यावर बधिरता सहसा पूर्णपणे जात नाही. म्हणूनच पहिल्या लक्षणाला महत्त्व आहे.

अमेरिकेतील डॉ. अॅलिस हॅमिल्टन यांनी 1918 मध्ये इंडियाना राज्यातील दगडकाम करणाऱ्या कामगारांत हा विकार नोंदविला होता. युरोपीय संघाने 2002 मध्ये आठ तासांच्या कामासाठी कंपनाची कमाल मर्यादा 5 मीटर प्रति वर्गसेकंद ठरविली, 2.5 पासूनच उपाययोजना बंधनकारक केली. कंपन दुप्पट झाले की सुरक्षित वेळ एक चतुर्थांश उरते. म्हणजे 10 मीटर प्रति वर्गसेकंद कंपनाचे हत्यार दोन तासांतच कमाल मर्यादा गाठते.

भारतात कारखाने अधिनियम, 1948 च्या तिसऱ्या अनुसूचीत 29 व्यवसायजन्य रोग होते. आवाजामुळे येणारा बहिरेपणा त्यात होता. कंपनजन्य विकार मात्र नव्हता. रोग यादीत नसला की त्याची सक्तीची नोंद होत नाही आणि नोंदीअभावी प्रश्नाची व्याप्तीही कळत नाही.

उपाय फारसे खर्चिक नाहीत. झिजलेली चाके वेळीच बदलणे, हत्यारांची नियमित देखभाल, कामाची आलटूनपालटून वाटणी, मधली विश्रांती आणि हात उबदार ठेवणे यांनी धोका कमी होतो. केवळ हातमोज्यांवर विसंबणे योग्य नाही. मुंग्या वारंवार येऊ लागल्यास कामगाराने डॉक्टरांना आपल्या कामाचे स्वरूप आवर्जून सांगावे. अन्यथा हे दुखणे वयाच्या माथी मारले जाते.